लाकडाआधी पत्रा : जुन्या कॅम्पर व्हॅनच्या जमिनीबद्दलचे गैरसमज

फोक्सवागनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचा फोटो म्हटला, की सरकता दरवाजा उघडा आणि आत मधाळ रंगाच्या लाकडी पट्ट्या, हे दृश्य हमखास असतं. ते पाहूनच पुष्कळजण या गाडीच्या प्रेमात पडतात आणि गाडी हाती आली की सर्वांत आधी लाकडाच्या चौकशीला लागतात. हौस रास्त आहे. पण या कामाबद्दल चुकीच्या गोष्टी फार ठामपणे सांगितल्या जातात आणि त्यांची किंमत शेवटी गाडीच्या तळाच्या पत्र्याला मोजावी लागते. पन्नास वर्षं टिकलेली गाडी नव्या सुंदर जमिनीखाली पाच-सहा वर्षांत कुजावी, हे फार वाईट आहे.

इथे उदाहरण घेतलं आहे ते याच व्हॅनच्या, म्हणजे 'टाइप २'च्या, दुसऱ्या पिढीचं. पुढे एकच मोठी बाकदार काच असलेली ही गाडी जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार होत होती आणि 'बे विंडो' या नावानं ओळखली जाते. परदेशात अशी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या मराठी वाचकाच्या वाट्याला बहुधा हीच येईल.

"मूळ गाडीतही अशीच लाकडी जमीन होती"

नव्हती. टाइप २चं उत्पादन १९५० मध्ये वुल्फ्सबुर्गला सुरू झालं आणि १९५६ मध्ये हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यात गेलं. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून तिला कॅम्परचं रूप देण्याचं काम मात्र बाहेरच्या कंपन्या करत. जर्मनीत १९५१ पासून वेस्टफालिया, ब्रिटनमध्ये डेव्हन, डॉर्मोबिल वगैरे. वेस्टफालियाच्या बे विंडो गाड्यांत पत्र्यावर प्लायवुड आणि त्यावर व्हिनाइल असे. उघड्या लाकडी पट्ट्या असायच्या त्या पिकअपच्या हौद्यात, मालानं पत्रा ठेचू नये म्हणून. तेव्हा 'मूळ रूपात आणतोय' असं म्हणून ओकच्या फळ्या टाकणारा माणूस मूळ रूपापासून लांब जात असतो. फळ्या जरूर टाकाव्यात, पण आपल्या आवडीचं नवं काम म्हणून.

जुनी प्लाय कितीही कुजकी निघाली तरी लगेच फेकू नका. चाकांच्या कमानी, दाराची पायरी, कपाटांच्या जागा, सगळे आकार तिच्यावर आयते कापलेले असतात. नव्या प्लायवर ती ठेवून पेन्सिल फिरवली की अर्धं मोजमाप संपलं. एक सावधगिरी मात्र हवी. त्या काळातल्या काही व्हिनाइलच्या जमिनींत आणि त्यांच्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस सापडतो. जुना थर कोरडा घासू नका, तुकडा आधी तपासून घ्या.

"गंजावर प्राइमर मारला, वर लाकूड टाकलं, की गंज थांबतो"

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

सरकत्या दरवाजाजवळचा जुन्या प्लायचा कोपरा उचलून पाहा. वरून तो ठणठणीत दिसतो. उलटा केला की खालची बाजू काळी पडलेली, पदर सुटलेले, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं तर ते विनासायास आत जातं. त्याखालचा पत्रा सपाट नसतो. मजबुतीसाठी कारखान्यातच दाबून त्याला पन्हाळी पाडलेल्या असतात. कोपऱ्यातल्या पन्हाळीत तपकिरी चिखलासारखं काहीतरी साठलेलं असतं. ते खरवडलं की कधी पत्रा लागतो, कधी थेट खालचा रस्ता दिसतो.

हे पाणी येतं कुठून? काचांभोवतीच्या वाळून तडकलेल्या रबरातून, पट्ट्यापट्ट्यांच्या झडपांच्या खिडकीतून, उचलत्या छपराच्या कडेतून. ते भिंतीच्या आतल्या बाजूनं उतरतं आणि पन्हाळीत जाऊन बसतं. वर प्लाय असल्यामुळे त्याला वाळायला वाट नसते. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं, आणि झाकलेल्या पन्हाळीत दोन्ही भरपूर असतात. गंजलेल्या थरावर मारलेला प्राइमर त्या थराबरोबरच सुटून येतो.

खरं काम असं. सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढून शक्य तिथे पत्रा चकचकीत होईपर्यंत साफ करायचा. फॉस्फोरिक आम्लाचं गंज-रूपांतरक फक्त वरवरच्या पातळ गंजावर वापरायचं. पत्र्याला भोक पडलं असेल, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. त्यावर इपॉक्सी प्राइमर, मग रंग. गाडीखाली झोपून आडवे पोकळ आधार, जॅक लावायच्या जागा आणि दाराखालच्या पेट्याही तपासायच्या, कारण गाडीचा भार त्यांच्यावर असतो. त्यांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घ्यावा. वेल्डिंगचं सगळं काम लाकूड गाडीत येण्याआधी संपलेलं हवं.

मग पाण्याची परीक्षा. एकानं बाहेरून पाण्याची नळी धरायची, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, म्हणजे गळती नेमकी कोणत्या उंचीवर सुरू होते ते कळतं. वरून सुरुवात केली तर सगळीकडे ओल दिसते आणि कारण सापडत नाही. आतला माणूस 'कोरडं' म्हणेपर्यंत लाकूड विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"अस्सल सागवान नाहीतर ओक, तेच उत्तम"

घन लाकडाच्या फळीला मान आहे, पण गाडीत तिच्या स्वभावाची अडचण होते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलीप्रमाणे फुगतं आणि आकसतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असेल तर सुमारे १२ टक्क्यांवर. हिवाळ्यात हीटर लावलेल्या गॅरेजमधून निघून पावसाळी समुद्रकिनाऱ्यावर गेलेली गाडी काही आठवडे तिथेच राहिली, तर हा टप्पा सहज गाठते.

अमेरिकेच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेच्या 'वुड हँडबुक'मध्ये प्रत्येक जातीसाठी याचे गुणांक दिले आहेत. लाल ओकची नेहमीच्या चिरेची फळी, ओल एका टक्क्यानं वाढली की रुंदीत सुमारे ०.३७ टक्के वाढते. सागवान सुमारे ०.१९ टक्के. आता दीड मीटर रुंदीची जमीन धरा. फळ्या एकमेकींना डिंकानं पक्क्या जोडल्या आणि ओल पाच टक्क्यांनी वाढली, तर ओकची जमीन साधारण २८ मिलिमीटरनं रुंद होऊ पाहते आणि सागवानाची १४. बाजूला पत्र्याची भिंत, वर स्क्रूनं बसवलेली कपाटं. जमिनीला जायला जागाच नाही, मग ती मधोमध उचलते. आपल्याकडे सागवानाला जो भाव मिळतो त्यामागे हा कमी हलण्याचा गुणही आहे. तरीही १४ मिलिमीटर कमी नाहीत.

वजनाचाही विचार हवा. तीन चौरस मीटरची २० मिलिमीटर जाड ओकची जमीन चाळीस किलोच्या वर जाते. तेवढीच १२ मिलिमीटरची बर्च प्लाय पंचविसाच्या आत राहते. १६०० सीसीच्या, पन्नासेक अश्वशक्तीच्या इंजिनाला कपाटं, पाण्याची टाकी, बिछाना आणि माणसं ओढायची असतात. चढावर प्रत्येक किलो जाणवतो.

लाकडाचंच रूप हवं असेल, तर नौकांच्या केबिनमध्ये वापरतात ती पद्धत चांगली: मजबूत प्लाय आणि तिच्यावर चिकटवलेला सागवानाचा पातळ थर. प्लायचे पदर एकमेकांना आडवे असल्यामुळे ती फारशी हलत नाही आणि वरच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यांनाही धरून ठेवते.

"मरीन प्लाय कुजत नाही"

हा समज आपल्याकडे जास्त पक्का आहे, आणि त्याला कारणही आहे. भारतातल्या आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायमध्ये पदरांना कीड-बुरशीरोधक प्रक्रिया करणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये बीएस १०८८चा शिक्का पाहून मराठी माणूस तोच अर्थ घेतो. पण तो शिक्का गोंद आणि पदरांचा दर्जा सांगतो. लाकडावर संरक्षक प्रक्रिया झाली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. कॅम्परमध्ये फार वापरली जाणारी बर्च प्लाय तर कुजण्याच्या बाबतीत सगळ्यांत कच्च्या वर्गात मोडते. गोंद उकळत्या पाण्यात टिकेल, पण लाकूड बुरशी खाईल.

प्लाय पाणी पिते ती कडेनं. म्हणून दोन्ही बाजू, सगळ्या कडा आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीनं किंवा चांगल्या सीलरनं बंद करायचं, तेही प्लाय बसवण्याआधी. फक्त वरच्या बाजूला वार्निशचे तीन हात आणि खाली कोरं लाकूड ठेवलं, तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं ओल घेतात आणि पाट वाकतो. वार्निश ओलीचा वेग कमी करतं, तिला पूर्ण अडवत नाही.

"घरातली क्लिकची जमीन गाडीतही चालते"

ती तरंगती राहावी म्हणून बनवलेली असते. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटरची मोकळी फट सोडायची आणि तिला कुठेही खिळवायचं नाही, हा तिचा नियम. गाडीत तिच्यावरच कपाटं आणि बाक आवळले जातात. शिवाय उन्हात बंद उभ्या गाडीचं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंश सेल्सिअसनं चढू शकतं आणि रस्त्यावर अख्खी बॉडी पिळवटत असते. लॅमिनेटचा दाबलेल्या भुश्शाचा गाभा एकदा भिजून फुगला की परत बसत नाही. हा पर्याय सोडून द्यावा.

"चांदीचा बुडबुड्यांचा कागद घातला की थंडी संपली"

हा कागद उष्णतेचं प्रारण परत फेकतो, पण त्यासाठी त्याच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी फट लागते. पत्रा आणि प्लाय यांच्यात चेपला, की उरतं ते पातळ प्लॅस्टिक. त्याऐवजी पन्हाळ्यांत बंद पेशींच्या फोमच्या, म्हणजे एक्सपीएसच्या पट्ट्या बसवाव्यात. तो पाणी शोषत नाही आणि तेवढ्याच जाडीच्या प्लायपेक्षा तिपटीहून जास्त उष्णता अडवतो. मात्र उंचीकडे लक्ष ठेवा. छप्पर मिटलेलं असताना या गाडीत मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे जाड थर घालण्याची चैन इथे परवडत नाही.

आणि हे सगळं केलं तरी दवाचा प्रश्न राहतोच. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. रात्री गाडीत दोघं झोपली की त्यांच्या श्वासातून आणि अंगातून भरपूर बाष्प निघतं, आणि बाहेरचा पत्रा १२ अंशांपेक्षा थंड असणं युरोपात नेहमीचंच. खिडकी किंवा छपराचं झाकण थोडं उघडं ठेवणं, हाच यावरचा खरा उपाय.

"भोकं बुजवायची आणि जमीन स्क्रूनं आवळायची"

इथे चुकलं तर जिवावर बेततं. स्वयंपाकाच्या गॅसची सोय असलेल्या कॅम्परच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. गळती झाली की वायू जमिनीलगत पसरतो आणि या भोकांतून बाहेर पडतो. ती बुजवली तर तो झोपायच्या जागेत साठत जातो. नव्या प्लायला त्याच जागी, तेवढीच मोठी भोकं पाडा आणि वर जाळी लावा. इंजिनाच्या कप्प्याकडून आत येणारी भोकं मात्र नीट बंदच हवीत, कारण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो.

स्क्रूबद्दल. इंजिन मागे आणि चालक पुढे, त्यामुळे तळाखालून मधल्या भागात गिअरचा दांडा, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेकच्या केबली, हीटरची नळी आणि ब्रेकची धातूची नळी जाते. वरून मारलेला लांब स्क्रू यांतल्या कशातही घुसू शकतो. गाडीखाली जाऊन जागा पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. शक्य तिथे लवचीक पॉलियुरेथेन गोंद वापरा आणि मोजके आखूड स्क्रू पन्हाळीच्या उंच भागावर मारा. पडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्राइमर लावायला विसरू नका. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट कधीच नुसत्या लाकडावर आवळू नयेत. लाकूड दाबलं जातं आणि बोल्ट सैल होतो. ते खालच्या जाड पत्र्याच्या पट्टीपर्यंत, धातूवर धातू टेकेल असेच हवेत.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा देणार असाल, तर त्या फडक्यांना क्षुल्लक समजू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळून टाकलेल्या बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेतं. काम संपलं की फडकी पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा. गाडीत टाकून, दार लावून घरी जाऊ नका.