गोंगाटातल्या फटी

"हाक मारली तर ढिम्म हलत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतो." ऑटिस्टिक मुलांच्या पालकांकडून हे कितीदा तरी ऐकलं आहे. या मुलांच्या श्रवणाबद्दल मिळेल ते वाचायचं वेड मला लागलं ते यामुळेच. बहुतेकदा श्रवण तपासणाऱ्या बेरा चाचणीचा अहवाल चोख येतो, कान ठणठणीत असतात. ऐकलेल्याचं मेंदू पुढे काय करतो, तिथे खरी मेख आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यात मोठ्या आवाजांची धास्ती नोंदलेली आहे. तरी संवेदनांमधले फरक निदानाच्या अमेरिकी निकषांत शिरायला २०१३ साल उजाडलं.

आता माझ्या आवडीचा भाग. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं बोलणं आपल्याला कळतं कसं? तिथला गोंगाट सलग नसतो. कुणी श्वास घेतं, कुणी घास गिळतं, क्षणभर आवाज उतरतो. त्या फटीतून मेंदू दोन-चार अक्षरं उचलतो आणि उरलेलं वाक्य अंदाजाने जुळवतो. केंब्रिजमध्ये संशोधक आल्कांतारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सलग गोंगाटात ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींत ठळक फरक दिसला नाही. फटी असलेल्या गोंगाटात मात्र इतरांना जो फायदा मिळाला, तो ऑटिस्टिक व्यक्तींना कमी मिळाला. म्हणजे वर्गातली कुजबुज या मुलांना जास्त महागात पडते!

याची दुसरी बाजूही तितकीच विलक्षण आहे. संशोधक पामेला हीटन यांनी मुलांना प्राण्यांची चित्रं दाखवून प्रत्येक प्राण्याला एकेक सूर जोडून दिला. कोणत्या प्राण्याचा सूर कोणता, हे संगीत न शिकलेल्या ऑटिस्टिक मुलांनी इतरांपेक्षा चांगलं लक्षात ठेवलं. लंडनमध्ये संशोधक ॲना रेमिंग्टन यांना आढळलं, की एका आवाजावर लक्ष असतानाही ऑटिस्टिक व्यक्ती इतरांपेक्षा जास्त आवाज टिपतात. या मुलांचं 'लक्ष नाही' म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

हे सगळं उपचारांत कसं उतरतं ते पाहायला पुण्यातल्या एका वाचा-उपचार केंद्रात बसायची संधी मिळाली. तिथल्या उपचारक ताईंनी आधी खडखडणारा पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली, जमिनीवर सतरंजी अंथरली. मग आईसोबत आलेल्या मुलाला विचारलं, "बॉल कुठे?" आणि त्या गप्प बसल्या. आईच्या ओठांवर तोच प्रश्न पुन्हा आला होता, ताईंनी हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "खाली."

उपचारांचं मर्म मला इथे दिसतं: आवाज कमी, वाक्य छोटं, उत्तराला सवड. शिक्षकाच्या गळ्यातल्या माइकचा आवाज थेट मुलाच्या कानापर्यंत नेणाऱ्या उपकरणांचाही उपयोग होतो, हे मेलबर्नचे संशोधक गॅरी रान्स यांनी दाखवलं आहे. याउलट, काही ध्वनी गाळून घेतलेलं संगीत दहा दिवस ऐकवून श्रवण सुधारण्याचा दावा करणाऱ्या बेरार पद्धतीला वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०११ च्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही. अशा उपचारांवर पैसे घालण्याआधी घरातला मिक्सर, टीव्ही आणि पंखा यांच्या आवाजाचा हिशेब मांडावा.

आणि दिवाळीत शेजारी असं मूल असेल, तर फटाके कधी लावणार ते आधी सांगून ठेवा. फराळाला ते कानांवर हेडफोन चढवून आलं, तर काढायला लावू नका. त्या हेडफोनमुळेच ते तुमच्या पंगतीत बसू शकलेलं असतं.