बालवाडीची घाई आणि आपलें कर्तव्य

जून उजाडला कीं वसई-विरारमध्यें तीन वर्षांच्या लेकरांच्या पाठीवर दप्तर चढतें, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच वडील मंडळी विचारूं लागतात, "अजून बाराखडी येत नाहीं?" हा प्रश्नच मुळांत चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचें प्रमाण शोधण्यास दूर जावयास नको. आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या साह्यास आल्या. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच अंगणांत नेली. महागड्या उपकरणांऐवजीं शिंपले, बिया, पानें व खडे मुलांच्या हातीं दिले. अक्षर येण्यापूर्वीं हात, डोळे व कान तयार व्हावे लागतात, हें त्या जाणत होत्या.

शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिलीच्या प्रवेशासाठीं मुलाची परीक्षा घेण्यास मनाई केली आहे. मग ही धांदल कोणासाठीं?

म्हणून पालकांनीं बालवाडी निवडतांना इमारत पाहूं नये. बाईंच्या हाताखालीं मुलें किती, खेळावयास माती-पाणी आहे कीं नाहीं, घरच्या भाषेंत बोलूं देतात कीं नाहीं, हें विचारावें. पहिल्या दिवशीं मूल रडेल. त्याची नजर चुकवून पळून जाऊं नये. "अमक्या वेळीं येतों" असें सांगून निघावें, आणि त्या वेळीं हजर राहावें.

केळें दाबून पिकत नाहीं, हें वसईच्या बागाईतदारास सांगावें लागत नाहीं. आपल्या लेकराच्या बाबतींतच तें आपण कां विसरावें?