बुलेटचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो तेव्हा

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण जुनी बुलेट, येझदी, राजदूत जिवापाड जपणारे शौकीन आजही गावोगावी आहेत. हे गिऱ्हाईक शोरूमच्या पायऱ्या चढत नाही, त्याला कार्बोरेटर जाणणारा कारागीर हवा असतो. असे कारागीर आपल्या गल्लीबोळांतल्या गॅरेजांत आहेत. म्हणून या खेपेस आम्ही एकच तक्रार विचारासाठी घेतली आहे : कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहणे, म्हणजेच ओव्हरफ्लो.

बहुतेक ठिकाणी यावरचा इलाज ठरलेला असतो. फ्लोट पिन बदलायची, तेवढ्याने भागले नाही तर नवा कार्बोरेटर गळ्यात मारायचा. काही दिवसांनी नवाही वाहू लागतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजची वाट धरते. आमचे मत असे की जुन्या गाडीत ओव्हरफ्लो हे पुष्कळदा कार्बोरेटरचे नव्हे, टाकीचे दुखणे असते. कटोरीत पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो, पिनेला ढकलतो आणि पिनेचे टोक सीटमध्ये बसून पेट्रोल अडवते. या दोहोंमध्ये गंजाचा एक कण अडकला तरी धार थांबत नाही. टाकी गंजलेली ठेवून पिन बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणे होय.

आधी तक्रार खरी आहे का ते पाहावे. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन बंद ठेवावे व कॉक उघडावा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची परीक्षा करू नये, कारण त्यात फ्लोटही कलतो. नळीतून पेट्रोल ठिबकले तर ओव्हरफ्लो नक्की. ठिबकत नसेल, पण काळा धूर येत असेल व प्लगवर काजळी धरत असेल, तर अर्धवट अडकलेला चोक किंवा तुंबलेला एअर फिल्टर आधी तपासावा.

मग कॉक बंद करून कटोरी पांढऱ्या ताटलीत रिकामी करावी. सगळे निदान या ताटलीत दिसते. तांबूस भुकटी म्हणजे टाकीचा गंज, तळाशी गोळा होणारे थेंब म्हणजे पाणी. पिनेचे टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर गोल खाच पडली असेल तर पिन गेली, आणि सीट निघत असेल तर दोन्ही जोडीनेच बदलावीत. सीटवर पॉलिश पेपर मात्र फिरवू नये. मऊ कापडाच्या बोळ्याने पुसणे पुरे.

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो बुडका झाला आहे. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवताच भोकातून बुडबुडे येतात. आतले पेट्रोल पूर्ण काढल्याखेरीज त्याला डाग देऊ नये, स्फोट होतो. डागही बेताचाच द्यावा, जादा कथलाने फ्लोट जड होऊन पुन्हा ओव्हरफ्लो करतो. काही कटोऱ्यांत ओव्हरफ्लोची उभी पितळी नळी असते. तिला बारीक तडा गेला की फ्लोट, पिन, सीट सारे ठीक असूनही पेट्रोल गळते. ही जागा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

जोडणीनंतर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ रबरी नळी लावावी व हलकी फुंकर मारावी. हवा अडली पाहिजे. न अडल्यास फ्लोटची उंची तपासावी. त्याची पत्ती केसभर वाकवली तरी कटोरीतली पातळी बदलते, तेव्हा येथे घाई नको.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. रात्रभर कॉक उघडा राहिला किंवा कॉकच गळका असला, तर पेट्रोल सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरते. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडला खाली बुश असतो, तो ऑइलच्या जिवावरच टिकतो. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली की मोठ्या खर्चाला आमंत्रण. म्हणून ऑइलचा वास घ्यावा, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये. किक अडत असेल तर जोर लावू नये. ठिणगी पडणार नाही अशा जागी प्लग काढून किक हळू फिरवावी. गळत्या गाडीजवळ वेल्डिंग किंवा विडी नको, हे सांगायला नकोच.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले व २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, जुने रबर फुगवते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे अधिक बाधते. अशा गिऱ्हाइकाला टाकी धुऊन घेण्यास, कॉकचे रबर बदलण्यास व जाळीचा फिल्टर बसवण्यास सांगावे. कागदी फिल्टरने वरून नुसत्या वजनाने उतरणारे पेट्रोल कधी कधी कमी पडते.

बिलावर टाकीसफाई, कार्बोरेटरचे काम आणि ऑइल अशा तीन ओळी वेगळ्या लिहाव्यात, आणि काढलेली पिन कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.