अश्मयुगीन हत्यारे : नदीनाल्यांतील अवशेषांची पारख

नदी, ओढा किंवा नाला यांच्या पात्रात अथवा काठाच्या थरांत सापडणारे धारदार वा टोकदार दगड अश्मयुगीन मानवाने घडविलेली हत्यारे आहेत, की केवळ नैसर्गिक रीत्या फुटलेले दगड आहेत, हे ठरविण्याची पद्धती. पुराणाश्मयुगीन मानव पाण्याच्या आश्रयाने राहत असे व हत्यारांसाठी लागणारे गोटेही त्यास तेथेच मिळत. त्यामुळे भारतात या काळातील हत्यारे फार मोठ्या प्रमाणावर नद्यांच्या जुन्या थरांत आढळतात. परंतु जो प्रवाह हत्यारे वाळूखाली पुरून जतन करतो, तोच गोट्यांवर गोटे आदळून हत्यारांसारखे दिसणारे तुकडेही निर्माण करतो. पारखीची खरी अडचण ही आहे.

सूक्ष्मकणी दगडाच्या कडेजवळ कठीण वस्तूने आघात केला असता त्याचा छिलका सुटतो. छिलक्याच्या आतील बाजूस आघातबिंदूखाली किंचित फुगवटा येतो व त्यापुढे शिंपल्यावरील रेषांसारख्या वक्र लहरी उमटतात. मूळ गाभ्यावर तेथे उथळ खळगा राहतो. चर्ट, जॅस्पर, कॅल्सेडोनी यांत ही चिन्हे स्पष्ट दिसतात. दख्खनच्या बेसाल्ट व डोलेराइट या खडकांत मात्र ती मुळातच अंधुक असतात आणि दीर्घकाळच्या झिजेने जवळजवळ नाहीशी होतात. म्हणून येथील हातकुऱ्हाडीची पारख एखाद्या फुगवट्यावरून न करता छिलके काढण्याच्या क्रमावरून करावी लागते. दोन्ही पृष्ठभागांवरून छिलके काढून एक सलग कड साधलेली असणे, दोन्ही बाजू साधारणपणे सममित असणे, बुंध्याशी पकडीपुरती गोट्याची मूळ गुळगुळीत साल राहिलेली असणे, या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे हेतुपुरस्सर घडण मानता येते. आपोआप फुटलेल्या गोट्यावरही टवके उडालेले असतात. पण ते वाटेल त्या दिशांचे आणि निरनिराळ्या वेळचे असतात. काहींच्या कडा गोलावलेल्या, तर काहींच्या ताज्या दिसतात. ‘हातात नेमका बसतो’ हा नवशिक्या संग्राहकाचा आवडता पुरावा जवळजवळ निरुपयोगी आहे. नदीतील बहुतेक गोटे हातात नेमके बसतात.

हवामानाच्या परिणामाने बेसाल्टचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तुकडे सुटतात. त्यांवर आघातबिंदू नसतो. याहून फसवी असते ती अलीकडची खडी. घणाने फोडलेल्या दगडावर खराखुरा आघातबिंदू व फुगवटाही दिसू शकतो. पाथरवटाच्या कामातील टवके आणि नांगराच्या फाळाने किंवा खोदयंत्राने उडालेले कपचे यांचीही गणना यातच करावी. अशा दगडाच्या भंगपृष्ठाचा रंग आतील दगडासारखा ताजा असतो, तर जुन्या हत्याराच्या सर्व खाचांवर एकसारखा फिकट वा तांबूस पापुद्रा चढलेला असतो.

केवळ आकारावर विसंबल्याने तज्ज्ञांचीही दिशाभूल झालेली आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन या किराणा दुकानदाराने जमविलेले ओबडधोबड चकमकीचे दगड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘उषःअश्म’ म्हणून आद्यतम हत्यारे मानले गेले. भूस्तरांच्या दाबाखाली चिरडूनही असेच आकार बनतात, हे हॅझल्डीन वॉरन यांनी १९२० मध्ये दाखविले आणि १९३९ मध्ये बार्न्स यांनी छिलक्यांच्या कडांचे कोन मोजून वादास संख्येचा आधार दिला : मानवी घडणीत हे कोन बहुतांशी लघुकोन असतात, तर नैसर्गिक फुटीत विशालकोनांचे प्रमाण बरेच आढळते. ही कसोटी एका दगडाला लावता येत नाही. तिला समूह हवा. ब्राझीलमधील कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटताना नकळत मानवी छिलक्यांसारखेच छिलके पाडतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून तर एकट्या छिलक्याची साक्ष आणखीच दुबळी झाली आहे.

निर्णायक ठरतो तो थर. प्रवरेच्या काठी नेवासे (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे ह. धी. सांकलिया यांना १९५४ पासूनच्या संशोधनात तळाच्या घट्ट झालेल्या गोटेरी थरात हातकुऱ्हाडी, तर वरच्या गोटेरी थरात चर्ट-जॅस्परच्या छिलक्यांची लहान हत्यारे मिळाली. हीच हत्यारे पात्रात सुटी सापडली असती, तर त्यांचा कालक्रम सांगता आला नसता. जवळच चिरकी येथे गुडरुन कॉर्विनस यांनी १९६६–६९ मध्ये उत्खनन करून हातकुऱ्हाडी व फरश्या जागेवरच अभ्यासल्या. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथील हत्यारांचे सु. १५ लाख वर्षे हे वय २०११ मध्ये जाहीर झाले, तेही थरांच्या पुराचुंबकीय मापनावरून व गाडल्या गेलेल्या दगडांतील किरणोत्सर्गी अणूंवरून. हत्यारांच्या आकारावरून नव्हे.

वाळूउपशामुळे असे थर झपाट्याने नष्ट होत आहेत. संशयित हत्यार काठाच्या थरात रुतलेले असल्यास ते उपसू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, काठाच्या माथ्यापासूनची खोली व स्थान नोंदवावे आणि पुरातत्त्व विभागास किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेस कळवावे. सुटे मिळालेले हत्यारही घासून धुऊ नये. त्याला चिकटलेली चुनखडीयुक्त वाळू पुष्कळदा ते कोणत्या थरातून निसटले याचा उरलेला एकमेव पुरावा असते.