विचारप्रणाली आणि व्यक्तीची स्वायत्तता : व्यवहारातील व तत्त्वज्ञानातील अर्थ

प्रस्तावना :
'विचारप्रणाली' आणि 'स्वायत्तता' हे शब्द शैक्षणिक वर्तुळात नित्य वापरले जातात. पक्षाने वा संघटनेने जाहीरपणे स्वीकारलेली मते म्हणजे विचारप्रणाली आणि बाह्य हस्तक्षेपाविना निर्णय घेण्याची मुभा म्हणजे स्वायत्तता, हा त्यांचा रूढ अर्थ होय. 'स्वायत्त महाविद्यालय' या शब्दप्रयोगात हाच अर्थ अभिप्रेत असतो. तत्त्वज्ञानात मात्र दोन्ही संज्ञांचा आशय बदलतो.

विचारप्रणाली :
फ्रेंच विचारवंत देस्त्यूत द त्रासी यांनी १७९६ मध्ये ही संज्ञा 'कल्पनांचे शास्त्र' या अर्थाने योजली. पुढे नेपोलियनने तिला उपहासाचा अर्थ दिला. सत्ताधारी वर्गाच्या कल्पना सार्वत्रिक सत्य म्हणून कशा मान्यता पावतात, हे मार्क्स व एंगल्स यांनी १८४५-४६ मधील लेखनात दाखविले. १९७० मध्ये लुई अल्थुसर यांनी विचारप्रणाली व्यक्तीलाच 'कर्ता' म्हणून घडविते, असे प्रतिपादन केले. म्हणजे व्यवहारात व्यक्ती विचारप्रणाली निवडते. येथे निवड करणारी व्यक्तीच तिच्यातून घडलेली असते.

स्वायत्तता :
इमॅन्युएल कांट यांच्या मते (१७८५) स्वतःच्या विवेकाने घालून दिलेल्या नियमानुसार वागणे म्हणजे स्वायत्तता. केवळ इच्छेमागे जाणे ही परायत्तताच होय. १९७१ मध्ये हॅरी फ्रँकफर्ट यांनी, माणूस स्वतःच्या इच्छांविषयीही इच्छा बाळगू शकतो, याकडे लक्ष वेधले. त्यामुळे 'कोणी सक्ती केली का?' एवढा प्रश्न पुरेसा ठरत नाही; 'ही इच्छा मला तपासता येते का?' हाही विचारावा लागतो.

एक उदाहरण :
विवाहविषयक जाहिरातीत स्वजातीय स्थळाची अपेक्षा 'वैयक्तिक पसंती' म्हणून नोंदविली जाते. तेथे कोणाची सक्ती दिसत नाही. रूढ अर्थाने ती स्वायत्त निवड ठरते. परंतु हजारो व्यक्तींची 'वैयक्तिक' पसंती जातीच्या सीमारेषेवरच येऊन थांबत असेल, तर ती पसंती कोठून आली, हे विचारणे भाग आहे. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात मांडले होते.

निष्कर्ष :
विचारप्रणालीपासून सर्वस्वी मुक्त अशी जागा कोणासही उपलब्ध नाही. म्हणून स्वायत्तता अशक्य ठरते, असे मात्र नव्हे. आपल्या पसंतीची कारणे शोधणे, ती इतरांपुढे मांडणे आणि न टिकल्यास सोडणे, या क्षमतेत ती असते. 'हे माझे वैयक्तिक मत आहे' या वाक्याने वर्गातील चर्चा अनेकदा संपते. स्वायत्ततेचे शिक्षण द्यावयाचे असेल, तर ती तेथूनच सुरू व्हावयास हवी.