चाकांवरची परिक्रमा : शिकोकूची ८८ मंदिरे आणि सायकलवाले

शिकोकू बेटावरच्या एखाद्या बौद्ध मंदिराच्या दाराशी सकाळी आठाच्या सुमारास उभे राहिले, तर पुष्कळदा एक गमतीचे दृश्य दिसते. एक गृहस्थ सायकल भिंतीला टेकवतात, हेल्मेट काढून हॅन्डलला अडकवतात. अंगात सायकलस्वाराचा घट्ट रंगीत सदरा आणि त्यावर पांढरी, बिनबाह्यांची बंडी. बंडीच्या पाठीवर कोबो दाइशींच्या नामाची काळी अक्षरे, ज्यांची सुरुवात ‘नामु’ ह्या शब्दाने होते. हा ‘नामु’ म्हणजे आपला ‘नमो’च. गृहस्थ वाकून आत शिरतात, हात धुतात, घंटेचा एक टोल देतात आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे सायकल, गिअर, चढ, सारे विसरून सूत्रपठण करतात. बाहेर आले की पहिले काम काय, तर टायर दाबून पाहणे!

ही यात्रा म्हणायची की सहल? मराठी मंडळींत असा विषय निघाला की दोन तट पडतात. ‘कष्ट नाहीत तर पुण्य कसले’ असे म्हणणारा एक आणि ‘हौस आहे हो, धर्माचे नाव कशाला’ असे म्हणणारा दुसरा. माझ्या मते दोन्ही तट थोडे चुकतात. ते का, हे सांगण्याआधी ही परिक्रमा काय आहे ते पाहू.

शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी (७७४–८३५), ह्याच बेटावर जन्मले. त्यांच्याशी नाते सांगणारी ८८ मंदिरे बेटाभोवती आहेत आणि त्यांना जोडणारी वाट सुमारे १,२०० किलोमीटरांची आहे. यात्रेकरूला ‘हेन्रो’ म्हणतात, आदराने ‘ओहेन्रो-सान’. बेटाचे चार जुने प्रांत म्हणजे साधनेचे चार टप्पे : तोकुशिमात बोधिचित्ताचा उदय, कोचीत तपश्चर्या, एहिमेत बोधी आणि कागावात निर्वाण. पहिल्या मंदिराचे नाव र्योझेन्जी. ते बुद्धांच्या राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वतावरून पडले आहे, आणि मंदिराच्या बिरुदात तर ‘भारत-जपानचा पर्वत’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. आतल्या मूर्तींची नावे ऐकायला परकी, पण अर्थ आपल्या ओळखीचा. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, जिझो म्हणजे क्षितिगर्भ, फुदो म्यो-ओ म्हणजे अचल. ‘गोमा’ नावाचा अग्निविधी तर आपला होमच.

चालत जाणाऱ्याला चाळीस ते पन्नास दिवस लागतात, बसने दहा-बारा आणि सायकलने साधारण दोन ते तीन आठवडे. चालणे हाच खरा मार्ग असे आपण समजतो खरे, पण तसा नियम इथे कोणी केलेला नाही. शिन्नेन नावाच्या भिक्षूने १६८७ साली वाटाड्या पुस्तक छापले, म्हणजे लोकांची सोय पाहण्याची परंपरा जुनीच. नाकात्सुकासा मोहे ह्या गृहस्थाने (१८४५–१९२२) २८० फेऱ्या चालत केल्या हे खरे, पण १९५३ साली यात्रेकरूंची पहिली संघटित बस निघाली तेव्हा मंदिरांनी दारे लावून घेतली नाहीत. सायकलवालाही त्याच दारातून आत आला.

सायकलवाल्याची सोय-गैरसोय निराळी. होन्शूकडून शिकोकूला जाणारे तीन पूल-मार्ग आहेत. कोबेकडून येणाऱ्या आकाशी पुलावर सायकलला मज्जाव आहे. त्यामुळे र्योझेन्जीपासून सुरू करायचे तर सायकल सुटी करून पिशवीत भरायची, आगगाडीने बांदो स्टेशन गाठायचे आणि तिथे जुळवाजुळव करायची. ह्या प्रकाराला ‘रिंको’ म्हणतात. सायकल पूर्णपणे पिशवीत झाकलेली असली पाहिजे. एखादे चाक बाहेर डोकावले तर स्टेशनवर अडवतात. पश्चिमेकडचा शिमानामी काइदो मात्र १९९९ साली सायकलसाठी वेगळ्या पट्ट्यासह खुला झाला. ओनोमिची ते इमाबारी, सुमारे ७० किलोमीटर, सहा बेटे ओलांडत, आणि शेवटी कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे जवळजवळ चार किलोमीटरांचे झुलते पूल. जपानभरचे हौशी सायकलवाले इथे नुसत्या पुलांसाठी येतात. आणि पूल उतरले की समोर इमाबारी, जिथे ५४ ते ५९ अशी सहा मंदिरे एका गावाच्या हद्दीत आहेत! पुलांसाठी आलेल्या माणसाला ती सहज एका दिवसात होतात. सुरुवात पहिल्याच मंदिरापासून केली पाहिजे असे बंधन नाही. जिथून निघाल तिथे परत आलात की वर्तुळ पुरे. तुकड्या-तुकड्यांनी करण्यालाही मान्यता आहे. ह्या वर्षी मेच्या सुट्टीत एक प्रांत, पुढच्या वर्षी दुसरा, अशी कित्येकांची परिक्रमा चालते. हौशीचे व्रत होते ते असे, नकळत.

आता दिशेची गंमत. परिक्रमा प्रदक्षिणेच्या दिशेने, बेट उजव्या हाताला ठेवून करतात. जपानात वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. म्हणजे सायकलवाला आपोआप समुद्राच्या बाजूला राहतो. बिवा सरोवराची सुमारे २०० किलोमीटरांची फेरी मात्र सायकलवाले उलट दिशेने करतात, कारण डाव्या हाताला पाणी हवे. त्या काठावर कान्नोनच्या ३३ क्षेत्रांपैकी चोमेइजी आहे. तिथे सायकल खाली ठेवून ८०८ पायऱ्या चढाव्या लागतात. पण फेरीची दिशा ठरवली ती निसर्गदर्शनाने. शिकोकूत धर्म आणि वाहतुकीचा नियम दोघे एकाच बाजूला आहेत. उलट फेरीही करतात म्हणा, विशेषतः लीप वर्षी. एमोन साबुरो नावाच्या धनिकाने दारी आलेल्या भिक्षूचे पात्र फोडले आणि पुढे त्याची आठ मुले गेली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते हे उमजल्यावर त्यांना शोधत त्याने वीस फेऱ्या केल्या आणि एकविसावी उलट दिशेने केली तेव्हा कुठे ते भेटले, अशी कथा आहे.

चढांचे म्हणाल तर बाराव्या शोसान्जीच्या पायवाटेला लोक ‘यात्रेकरू गडगडतो ती जागा’ म्हणतात. अकराव्या मंदिरापासून ही डोंगरवाट सुमारे १३ किलोमीटर आहे. सायकलला ती बंद, म्हणून डांबरी रस्त्याने बराच लांबचा वळसा. इथे चालणाऱ्याला सायकलवाल्याचा हेवा वाटण्याचे कारण नाही. ६६ वे उन्पेन्जी ९०० मीटरांहून उंच, सर्वांत उंचावरचे. तिथे रोपवे आहे आणि पुष्कळ जण सायकल खाली ठेवून तो घेतात. पण खरी परीक्षा कोचीत. २३ व्या मंदिरापासून २४ वे सुमारे ७५ किलोमीटर आणि ३७ पासून ३८ वे ऐंशीहून अधिक. एका बाजूला प्रशांत महासागर, समोरून वारा. मुरोतोच्या टोकाशी ती गुहा आहे, जिथे तरुण साधकाला फक्त आकाश आणि समुद्र दिसत होते, म्हणून त्याने ‘कूकाई’, म्हणजे ‘आकाश-सागर’, हे नाव घेतले असे सांगतात. ह्या पट्ट्यात सायकलवाला एका दिवसात जे पार करतो त्याला चालणाऱ्याला तीन दिवस लागतात. एक इशारा : जुने बोगदे अरुंद आहेत आणि ट्रक मोठे. मागचा दिवा आणि चमकणारी पट्टी विसरू नये. हेल्मेट घालण्याचा प्रयत्न सर्वांनी करावा असा कायदाच एप्रिल २०२३ पासून आहे. वेताची रुंद टोपी त्यामुळे घरीच राहते.

आणि काठी? यात्रेकरूची काठी म्हणजे साक्षात दाइशी. ‘दोग्यो निनिन’, म्हणजे दोघे मिळून चाललेले, हे ह्या यात्रेचे मुख्य सूत्र. पुलावर काठी टेकवत नाहीत, कारण एकदा दाइशींना पुलाखाली रात्र काढावी लागली होती. न जाणो, आजही खाली निजलेले असतील. एका सीटच्या सायकलवर हा दुसरा सोबती बसणार कुठे? कोणी आखूड काठी सायकलला बांधतो, बहुतेक जण पांढऱ्या बंडीवर भागवतात.

आता माझा मुद्दा. हिशेब करून पाहा. ताशी पंधरा किलोमीटरने १,२०० किलोमीटरांना ८० तास लागतात. प्रत्येक मंदिरात मुख्य देवालय आणि दाइशींचे देवालय अशा दोन ठिकाणी मेणबत्ती, तीन उदबत्त्या, नावाची चिठ्ठी, सूत्रपठण, मग वहीत शिक्का, असे सगळे नीट केले तर अर्धा तास जातो. ८८ मंदिरांचे झाले ४४ तास. म्हणजे पायडल मारण्याच्या निम्म्याहून अधिक वेळ उभे राहण्याचा! नवखे सायकलवाले हा वेळ धरतच नाहीत. शिक्क्याची कचेरी संध्याकाळी पाचला बंद होते (एप्रिल २०२४ पासून उघडतेही सातऐवजी आठला, आणि शिक्क्याचे ३०० येनचे ५०० झाले). मग पावणेपाचला घामाघूम होऊन यायचे, धावत शिक्का घ्यायचा आणि देवालयाकडे पाठ करून निघायचे, असे होते. वही भरते, पण शिक्का मुळात पठणाची पावती आहे, पोहोचल्याची नव्हे. ज्याने संध्याकाळचे एक मंदिर सोडून दिले आणि सकाळी पुन्हा आला, त्याची परिक्रमा झाली. मग तो चालत आला की चाकांवर, हा प्रश्न उरत नाही.

वेगाचा दुसरा तोटा ‘ओसेत्ताई’चा. गावकरी यात्रेकरूला संत्री, चहा, कधी चार नाणी देतात. नर्मदा परिक्रमेतल्या सदावर्ताची आठवण व्हावी असे हे दान नाकारायचे नसते, आणि घेणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची असते. पण ताशी वीसच्या वेगाने जाणाऱ्याला आजीबाई संत्रे देणार कसे? म्हणून गावातून हळू जावे, हात झालाच तर थांबावे.

आपल्यातल्या बौद्ध वाचकांची एक अडचण मला रास्त वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला जो धम्म बाबासाहेबांनी दिला, त्यात होम, मंत्र, चमत्कारकथा ह्यांना जागा नाही. शिकोकूत हे सगळे आहे. मग हौस म्हणून फिरताना हात जोडावेत का? ह्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. एवढे मात्र सांगतो की यात्रेकरू जी दहा शीले म्हणतात, ती पाली परंपरेतल्या दहा कुशल कर्मांशी तंतोतंत जुळतात : हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे, पोकळ बडबड, कठोर वाणी, चहाडी, लोभ, क्रोध आणि मिथ्या दृष्टी टाळणे. पंचशीलातली चार त्यात आली, मद्याचे पाचवे नाही. (मठातल्या मुक्कामी साकेला ‘प्रज्ञाजल’ अशा अर्थाचे नाव आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध जोडू नये!) ह्यातले क्रोधाचे शील सायकलवाल्यासाठीच लिहिले असावे. पावसात पंक्चर, अंगाला घासून गेलेला ट्रक, पाच मिनिटांनी हुकलेली कचेरी : रोज परीक्षा.

परिक्रमा पुरी झाली की दाइशींचे आभार मानायला कोयासानला जाण्याची रीत आहे. तोकुशिमाहून वाकायामाला सुमारे दोन तासांची फेरी आहे, सायकल नेता येते. पुढे किनोकावा नदीच्या काठाने पूर्वेला जायचे आणि मग आठशे मीटरांवरच्या त्या पठाराचा चढ. तिथल्या ओकुनोइनमध्ये दाइशी ८३५ पासून ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे. आळंदीची संजीवन समाधी आठवावी. त्यांना आजही दिवसातून दोनदा जेवण नेतात. आणि त्याच गावातल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. सप्टेंबर २०१५मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आपण मराठी माणसांनी हा चढ चढलो तर सायकल आधी विद्यापीठाशी थांबवावी, बाबासाहेबांना वंदन करावे, आणि पाच वाजायच्या पुरेसे आधी ओकुनोइनकडे निघावे. वहीतले शेवटचे पान तिथल्या शिक्क्यासाठी राखलेले असते.