होडी घासायला कुठलं सँडर मशीन घ्यायचं?



१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्या की घरोघरी एकच काम सुरू होतं: खरवडणं, घासणं, फटी भरणं, तेल-रंग. पूर्वी हे सगळं हातानं व्हायचं, लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून. आता बहुतेकांना मशीन हवंय आणि दुकानात गेलं की पाच तऱ्हेची मशीनं समोर येतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी थोरल्या भावानं घाईत चार इंची ग्राइंडरला खरखरीत चकती लावून तळाचा जुना रंग काढला. दोन तासांत काम झालं, आम्ही सगळे खूश. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातली आणि तिसऱ्या दिवशी आत पाणी! मेस्तानं हात फिरवून दाखवलं. जोडाजवळ बशीसारखे खड्डे पडले होते, इंचभर जाडीची फळी एका जागी अर्ध्यावर आली होती. फळी बदलण्यात हंगामाचे सुरुवातीचे पंधरा दिवस गेले. लाकूड घासून काढता येतं, परत लावता येत नाही, एवढं तेव्हा कळलं.

*कुठलं मशीन कशासाठी?*

१) ग्राइंडर: मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे. लोखंडी बोल्ट, नांगर, वेल्डिंगचे सांधे यासाठी उत्तम. होडीच्या फळीवर नको. चकतीची कड टेकली की खड्डा पडलाच.

२) बेल्ट सँडर: यात पेपरचा गोल पट्टा फिरतो. सपाट, लांब फळी किंवा डेकवरचा जाड थर झटपट निघतो. पण एका जागी क्षणभर थांबलात तर खोलगट होतं, आणि होडीच्या गोलाईवर तो नीट बसत नाही. हात बसलेल्या मेस्ताकडेच द्यावा.

३) रँडम ऑर्बिटल सँडर: गोल चकती, बहुतेक १२५ मिमीची. ती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी दोन-तीन मिमी इकडेतिकडे हलते. त्यामुळे एकच रेघ पुन्हापुन्हा ओढली जात नाही, वळसे कमी उठतात आणि फळी सहसा खोलगट होत नाही. घरात एकच मशीन घ्यायचं असेल तर हेच घ्या.

४) चौकोनी सँडर: ९ बाय ११ इंची पेपरचे चार तुकडे करून एकेक लावायचा. मशीन स्वस्त, पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काम हळू होतं, पण कोपऱ्यापर्यंत पोचतं. शेवटचा हात मारायला चांगलं.

५) पॉलिशर: हे सँडर नव्हे! याचा वेग कमी, साधारण ६०० ते ३००० फेरे, आणि पुढे लोकरीचा किंवा स्पंजचा पॅड. फायबरची चमक परत आणायला, केबिनच्या वार्निशवर शेवटचा हात फिरवायला हे लागतं. ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करू नका. त्या वेगात वार्निश तापून जळतं. उलट, ज्या होडीला नुसतं तेल किंवा रंग लावायचा आहे तिला पॉलिशरची गरजच नाही. ते पैसे पेपर आणि मास्कवर घाला.

*पेपरचा नंबर*

नंबर लहान तेवढा पेपर खरखरीत. जुना रंग काढायला ६०, फारच जाड थर असेल तर ४०. मग ८०, शेवटी १२०. रंगासाठी इथेच थांबा. फळी आरशासारखी गुळगुळीत केली तर रंगाला धरायला काही उरत नाही आणि पापुद्रे सुटतात. वार्निशसाठी मात्र १८० आणि २२० पर्यंत जा. मधला नंबर गाळू नका. ४० च्या रेघा १२० नं जात नाहीत, रंग लावल्यावर त्या वर दिसतात.

एक सोपी युक्ती: घासण्याआधी फळीवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा मारा. रेघा गेल्या की पुढे सरका. मशीन दाबू नका, त्याचं वजन पुरतं. दाबलं की चकती फिरायची थांबते, पेपर लवकर भरतो, मोटर तापते.

*आपल्या होड्यांसाठी खास*

रापणीच्या जुन्या होड्या काथ्यानं शिवलेल्या असतात. शिवणीजवळ मशीन अजिबात नेऊ नका. काथ्या कापला तर जोड सुटला. तिथे हात आणि ठोकळाच.

खिळे आधी बघा. वर आलेलं डोकं पेपर फाडतं, आणि जस्ताच्या खिळ्याचं डोकं घासलं गेलं तर जस्त जाऊन गंज सुरू होतो. डोकी आत ठोका, वर लांबी भरा, मग घासा.

वर्षानुवर्षं काजूच्या टरफलाचं तेल प्यायलेल्या लाकडावर पेपर लगेच चिकट होऊन भरतो. अशा होडीवर फायबर चढवायचा विचार असेल तर थांबा. तेलकट लाकडाला रेझिन धरत नाही, नुसतं वरून घासून भागत नाही. आधी मेस्ताला दाखवा.

ओलं लाकूड घासू नका. पेपर भरतो, तंतू उभे राहतात. जमेल तर मोठं घासकाम मे महिन्याच्या उन्हातच उरका.

*विकत घेताना काय बघाल?*

- वेग कमी-जास्त करायचं बटण.
- धूळ ओढणारी पिशवी किंवा व्हॅक्यूम जोडायचं तोंड.
- चकतीची भोकं आणि पेपरची भोकं जुळतात का, आणि तो पेपर म्हापशाला-मडगावला सहज मिळतो का.
- कार्बन ब्रश आणि खालचा पॅड सुटा मिळतो का. आधी झिजतात त्या याच वस्तू.
- चौकोनात चौकोन ही खूण, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन.
- बॅटरीचं मशीन किनाऱ्यावर सोयीचं, पण हिशेब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास असतात. ३०० वॅटचा जोर सतत घेतला तर वीस मिनिटंही पुरत नाही. अख्ख्या होडीसाठी वायरवालंच बरं.

*जीव सांभाळा*

लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तसं जाहीर केलंय. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर आपल्या होड्यांवर अजून आहेत. फायबरची धूळ तर फुप्फुसात आणि कातडीत रुतते. रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लहान मुलं आणि गरोदर बायका जवळ नकोत. कामाचे कपडे वेगळे धुवा. खाली ताडपत्री घाला, धूळ दर्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

पावसात वीज म्हणजे खेळ नव्हे. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावलेल्या जोडणीवरच मशीन चालवा. ओल्या वाळूत उभं राहून, वायरचा जोड जमिनीवर टाकून काम करू नका.

आणि अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

शेवटी एक सुचवतो. वर्षातून चार-सहा दिवस लागणारं मशीन प्रत्येकानं घ्यायची काय गरज? चार घरांनी मिळून एक चांगलं ऑर्बिटल घ्या, पेपर ज्याचा त्यानं आणावा. उरलेल्या पैशात प्रत्येकाचा मास्क येतो.

ज्यांची होडी सध्या झापाखाली आहे त्यांना हे जरूर पाठवा. घासण्याआधी वाचलेलं बरं!